‘आता बरं वाटतंय, सिस्टर’ म्हणणाऱ्या पेशंटचं काय करायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा आहे. तुम्ही तीन महिन्यांपूर्वी मानसोपचार वॉर्डात रुजू झालात. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर दाखल झालेली एक पेशंट आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. नवव्या दिवशी ती उठली, केस विंचरले, तुमच्याशी हसून बोलली आणि ‘आता बरं वाटतंय, सिस्टर’ म्हणाली. तुम्ही फॉर्मवर ‘धोका कमी’ या चौकटीत खूण केली. संध्याकाळी इन्चार्ज सिस्टरनी मात्र तिच्यावरचं लक्ष उलट वाढवलं, आणि कारण सांगायला त्यांना वेळ मिळाला नाही. तेव्हापासून तुम्हाला धड झोप नाही. तुम्ही विचारताय: खरंच कोण करणार आणि कोण नाही, हे ओळखायचं कसं? थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातल्यासारखं होणार नाही का? आणि त्या फॉर्मचं आता काय करायचं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, म्हणून ते आधी देते. नाही, विचारल्याने विचार पेरला जात नाही. हे अनेक अभ्यासांत तपासून झालंय. विचारलेल्यांमध्ये आत्महत्येचे विचार वाढलेले दिसले नाहीत. माझ्या बावीस वर्षांच्या अनुभवात तर बहुतेकांचे खांदे तो प्रश्न ऐकून सैल पडलेले मी पाहिलेत. कोणीतरी एकदाचं ते नाव घेतलं, याची सुटका असते ती.

पण विचारायचं कसं, यात गोम आहे. आपल्याकडे एक वाईट सवय आहे. आपण विचारतो, ‘मनात तसलं काही नाही ना?’ या वाक्यातला ‘ना’ पेशंटला उत्तर पढवतो. ‘नाही म्हणा, म्हणजे मी पुढच्या बेडकडे जाते,’ असंच तो सांगत असतो. आणि ‘तसलं काही’ म्हणजे काय, हे नर्सलाच तोंडाने उच्चारता येत नसेल, तर पेशंटने ते का उच्चारावं? मी असं विचारते: ‘कधीकधी सगळं इतकं असह्य होतं की जगणंच नको वाटतं. तुमचं असं होतं का?’ होकार आला की थांबत नाही. ‘स्वतःचा जीव घ्यावा, असं मनात येतं का?’ मग, कसं करायचं याचा विचार झालाय का, तसं करायचं ठरवलंय का, त्यासाठी काही जमवाजमव केली आहे का. आणि शेवटी, ‘इतके दिवस कशामुळे थांबलात?’ कोलंबिया स्केल नावाची जी प्रश्नावली बऱ्याच ठिकाणी वापरतात, तिची पायरीही साधारण अशीच चढते. मरण यावंसं वाटणं, मग जीव घेण्याचा विचार, मग पद्धत, मग इरादा, मग ठरलेला बेत, आणि त्याच्या सोबतीने प्रत्यक्ष केलेली कृती किंवा तयारी. प्रश्न पाठ करून ओळीने वाचू नका. पायरी लक्षात ठेवा, शब्द तुमचे असू द्या. आवाज ताप किती आहे विचारतो तितकाच साधा.

आता पहिला प्रश्न, जो तुम्हाला जागं ठेवतोय. कोण करणार, हे ओळखायचं कसं? खरं उत्तर असं की एका माणसाबद्दल हे खात्रीने कोणालाच ओळखता येत नाही. मलाही नाही, तुमच्या इन्चार्जनाही नाही, डॉक्टरांनाही नाही. २०१७ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. पन्नास वर्षांतले ३६५ अभ्यास त्यात तपासले होते. आपण ज्यांना धोक्याची कारणं म्हणतो, म्हणजे आधीचा प्रयत्न, नैराश्य, हताशपणा, दारू, त्यातलं कुठलंही एक कारण पुढचं भाकीत नाणं उडवण्यापेक्षा फारसं बरं करू शकत नाही, असं त्यात दिसलं. ही कारणं खोटी आहेत, असा याचा अर्थ नाही. हजारो लोकांच्या गटाबद्दल ती खरं बोलतात. बेड नंबर सातबद्दल मात्र फार थोडं सांगतात.

हे का होतं, ते साध्या आकड्यांत बघा. हे आकडे मी फक्त समजावण्यासाठी घेतेय. समजा, तुमच्याकडे येऊन गेलेल्या १००० पेशंटपैकी पुढच्या वर्षभरात ५ जण आत्महत्येने जाणार आहेत. तुमचा फॉर्म चांगला आहे, दर शंभरांत ऐंशी वेळा बरोबर ठरतो. मग तो त्या पाचांपैकी चौघांना ‘धोका जास्त’ म्हणेल. पण उरलेल्या ९९५ मधल्या १९९ जणांनाही तेच म्हणेल. म्हणजे ‘जास्त’चा शिक्का बसलेले २०३, आणि त्यात खरे चार. पन्नासात एक. आणि पाचवा माणूस ‘कमी’च्या ढिगात, जिथे कोणी बघतच नाही. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच स्पष्ट सांगितलंय की अशा फॉर्मवरून पुढचं भाकीत करू नका, आणि कमी-मध्यम-जास्त अशा शिक्क्यावर कोणाला किती काळजी द्यायची हे ठरवू नका. तुमच्या वॉर्डात फॉर्म भरणं सक्तीचं असेल तर भरा. पण ती चौकट म्हणजे तुमचं मूल्यांकन नव्हे.

तुमची चूक चौकट चुकीची निवडण्यात झाली नाही. तुमच्या हातात एक वाक्य आलं होतं, आणि तुम्ही त्याला उत्तर समजलात. तो प्रश्न होता. माझं सगळं सांगणं एवढंच आहे: आपलं काम भाकीत करण्याचं नाही. काय बदललं ते टिपायचं, आणि का बदललं ते त्या माणसालाच विचारायचं.

हे मी शहाणपणाने शिकले नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक पेशंट होते, पन्नाशीचे. कित्येक दिवस अन्नाला नीट शिवले नव्हते. त्या दिवशी ताट साफ केलं, शेजारच्या बेडवरच्या मुलाला आपला रेडिओ देऊन टाकला, माझी दोनदा माफी मागितली, ‘तुम्हाला फार त्रास दिला, सिस्टर’. मी चार्टवर लिहिलं, ‘पेशंट शांत, कम्फर्टेबल.’ ड्युटी बदलताना पुढच्या पाळीला माहिती देतो त्या हँडओव्हरमध्ये आनंदाने सांगितलं. त्याच रात्री त्यांनी प्रयत्न केला. रात्रपाळीच्या ब्रदरमुळे वाचले. चौथ्या दिवशी मी त्यांच्याजवळ बसले, तेव्हा त्यांनी सांगितलं, ‘ठरल्यावर फार हलकं वाटलं हो. दोन महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली.’ रेडिओ मी पाहिला होता. माफी ऐकली होती. फक्त विचारलं नव्हतं.

अचानक आलेल्या उजळपणाची तीन-चार कारणं असू शकतात, आणि बाहेरून ती सारखीच दिसतात. खरोखर बरं वाटू लागलेलं असू शकतं. दाखल झाल्यामुळे घरातला ताण तात्पुरता तुटलेला असू शकतो, म्हणजे तो घरी जाताच परत येणार. डिस्चार्ज लवकर मिळावा म्हणून ओढूनताणून हसणं असू शकतं. किंवा द्वंद्व संपलेलं असू शकतं, कारण निर्णय झालाय. शिवाय उपचारांच्या सुरुवातीच्या आठवड्यांत हातापायांत बळ आधी येतं आणि मनातला अंधार मागाहून ओसरतो, असंही पुष्कळदा दिसतं. नैराश्यावरच्या गोळ्या सुरू करताना किंवा डोस बदलताना जास्त लक्ष ठेवा, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली मुलांसाठी दिला, आणि २००७ मध्ये तो चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. गोळ्या टाळा, असं तो इशारा सांगत नाही. त्या दिवसांत माणसाला एकटं सोडू नका, एवढंच.

तर विचारायचं काय? ‘परवापेक्षा आज हलकं वाटतंय तुम्हाला. काय बदललं?’ एवढंच. मग गप्प बसायचं. खरं बरं वाटणाऱ्याच्या उत्तराला बहुधा पाय असतात: झोप लागली, बहिणीशी बोलणं झालं, डोक्यातला तो आवाज कमी झाला. त्याच्या उद्यामध्ये तपशील असतात, थोडी काळजीही असते, ‘कामावर काय सांगू’ वगैरे. उत्तर पोकळ असेल, ‘सगळं ठीक होईल आता’ एवढंच असेल, उद्याबद्दल काहीच नसेल, वस्तू वाटणं, निरोप, हिशेब मिटवणं चालू असेल, तर मी त्याच बैठकीत जीव घेण्याच्या विचारांबद्दल पुन्हा थेट विचारते. हा नियम नाही बरं का. मी यातही चुकलेली आहे. म्हणून शंका असली तर लक्ष वाढवते, कमी करत नाही. तुमच्या इन्चार्जनी बहुधा हेच केलं.

आणखी एक गोष्ट नव्या नर्सेसच्या नजरेतून निसटते. आपण दुःखी चेहरा शोधत बसतो, आणि तातडीचा धोका पुष्कळदा दुःखासारखा दिसतच नाही. तो येरझाऱ्या घालणाऱ्या, एका जागी बसवत नसलेल्या माणसात असतो. सलग तीन रात्री न झोपलेल्यात असतो. दारू सुटताना थरथरणाऱ्यात असतो. ‘ते मला मर म्हणतात’ असे आवाज ऐकणाऱ्यात असतो. औषधाच्या दुष्परिणामानेही असा जीव खाणारा अस्वस्थपणा येतो, आणि तो ओळखून वेळीच डॉक्टरांना कळवला तर औषध बदलून उतरवता येतो. रडणाऱ्या पेशंटपेक्षा या मंडळींबद्दल मी रात्री दोनलाही डॉक्टरांना फोन करते, शिव्या खाल्ल्या तरी.

आता वॉर्डातल्या लक्ष ठेवण्याबद्दल. कुठे हाताच्या अंतरावर सतत, कुठे नजरेच्या टप्प्यात, कुठे ठरावीक वेळाने, अशा पातळ्या असतात, आणि त्यांची नावं जागोजागी वेगळी. नावं तुमच्या नियमावलीत बघा. मी सांगते ते नियमावलीत नसतं. दर पंधरा मिनिटांनी बघायचं असेल तर घड्याळ लावून बघू नका. पेशंटलाही घड्याळ कळतं. कधी सहा मिनिटांनी, कधी तेराव्या मिनिटाला जा. तक्त्यावर पुढच्या सह्या आधी ठोकू नका. हे सगळीकडे चालतं आणि सगळ्यांना माहीत असतं. ड्युटी बदलताना, जेवणाच्या गडबडीत आणि भेटीची वेळ संपल्यावर वॉर्डाचे डोळे कमी होतात. हँडओव्हर सगळ्यांनी एकाच टेबलाभोवती न घेता एकीने बाहेर राहायचं, एवढं ठरवलं तरी फरक पडतो. बाथरूमच्या दाराशी दोघींनाही संकोच होतो. तो बोलून टाका: ‘मला दाराशी उभं राहावं लागणार, तुम्हाला आवडणार नाही हे कळतंय मला.’ गोळी गिळली की नाही हे तोंड उघडून बघा, साठवलेल्या गोळ्या हा खरा प्रकार आहे. खोलीत काय धोक्याचं ठरू शकतं, त्याची यादी मी इथे मुद्दाम देत नाही. ती तुमच्या इन्चार्जकडे असेल, त्यांच्यासोबत एकदा वॉर्ड फिरून घ्या.

पण नुसती खुर्ची टाकून मोबाइल बघत बसणं म्हणजे लक्ष ठेवणं नव्हे. पेशंट सांगतात, त्यांना ते तुरुंगासारखं वाटतं. जवळ बसलेली व्यक्ती बोलते, नावाने हाक मारते, सोबत चक्कर मारते, तेव्हाच त्या बसण्याचं उपचारात रूपांतर होतं. लेन बॉवर्स या ब्रिटिश नर्सिंग प्राध्यापकांनी ‘सेफवॉर्ड्स’ नावाची पद्धत बसवली. एकमेकांची ओळख करून देणं, वाईट बातमी आल्यावर पेशंटकडे लगेच जाणं, हँडओव्हरमध्ये प्रत्येकाबद्दल एक तरी चांगलं बोलणं, अशा दहा साध्या गोष्टी. ३१ वॉर्डांत तिची चाचणी झाली, २०१५ मध्ये निष्कर्ष आले, आणि वॉर्डातले संघर्षाचे व स्वतःला इजा करण्यासारखे प्रसंग सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. बांधून ठेवणं, कोंडणं वगैरे त्याहून जास्त कमी झालं. कुलपं न वाढवता.

बोलायचं काय, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. काय बोलू नये, ते आधी सांगते. ‘मुलांकडे बघून तरी…’ हे वाक्य मी स्वतः कितीदा वापरलंय! थॉमस जॉयनर या मानसशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडलेला विचार वाचल्यावर ते थांबवलं. त्याच्या मते मरणाची ओढ दोन जाणिवांतून घट्ट होते: मी कोणाचाच नाही, आणि मी सगळ्यांवर ओझं आहे. मुलांचा विचार तर ती बाई रात्रंदिवस करतच असते. ‘माझ्याशिवाय त्यांचं बरं होईल’ हाच तर तिचा हिशेब असतो. आपण मुलांचं नाव काढलं की तिला फक्त अपराध वाढल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा, ‘तुम्ही ओझं आहात असं वाटायला कधीपासून लागलं?’ असं विचारून बघा. उत्तर अर्धा तास चालतं कधीकधी. ‘लक्ष वेधून घ्यायला केलं’ हे तर वॉर्डात कोणी म्हणूच नये. ज्याला लक्ष वेधायला जीव पणाला लावावा लागतो, त्याला लक्षाची गरज नाही का?

‘कोणाला सांगू नका हं’ अशी अट पेशंट घालेल. होकार देऊ नका. ‘तुमच्या जिवाशी संबंधित असेल ते मी टीमला सांगणार. काय आणि कसं सांगायचं ते आपण मिळून ठरवू.’ राग येईल. राग चालतो.

‘मी काही करणार नाही’ असं लिहून सह्या घेण्याची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. त्याने कोणी वाचतं, याचा पुरावा नाही. कागद आपल्या समाधानासाठी असतो. त्याच्याऐवजी सुरक्षा योजना करा. स्टॅनली आणि ब्राउन या दोघांनी २०१२ मध्ये मांडलेल्या योजनेत सहा पायऱ्या आहेत: वाईट वेळ येतेय हे कशावरून कळतं, एकट्याने काय करून ती ढकलता येते, कुठे किंवा कोणात गेलं की मन दुसरीकडे वळतं, मदत कोणाकडे मागायची, कुठल्या डॉक्टरला किंवा हेल्पलाइनला फोन करायचा, आणि घातक गोष्टी हाताशी राहणार नाहीत याची व्यवस्था. २०१८ मधल्या एका अभ्यासात ही योजना आणि नंतरचे फोन मिळालेल्यांमध्ये पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येच्या दिशेने केलेल्या कृती सुमारे ४५ टक्के कमी दिसल्या. ती पेशंटच्या शब्दांत, पेशंटच्या अक्षरात हवी. ‘ताण वाढणे’ असं नको, ‘मी फोन उचलेनाशी होते’ असं हवं. आणि हेल्पलाइनचा नंबर लिहिला की तिथेच लावून बघा. लागला नाही तर दुसरा शोधा.

योजनेतल्या शेवटच्या पायरीबद्दल, म्हणजे घातक गोष्टी दूर ठेवण्याबद्दल, नातेवाईक म्हणतात, ‘ज्याला करायचंय तो करणारच.’ हे खरं नाही. प्रयत्नातून वाचलेल्यांच्या २००९ मधल्या एका अभ्यासात जवळपास निम्म्यांनी सांगितलं की विचार येणं आणि कृती करणं यांत दहा मिनिटं किंवा त्याहूनही कमी वेळ गेला. हाताशी साधन नसेल तर ती दहा मिनिटं निघून जातात. आणि प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोक पुढे आत्महत्येने मरत नाहीत. नातेवाइकांना हे दोन आकडे मी तोंडपाठ सांगते, आणि डिस्चार्जला गोळ्या एकदम महिनाभराच्या न देता थोड्या द्याव्यात, असं डॉक्टरांना आठवण करून देते.

डिस्चार्ज म्हणजे सुटका वाटते, पण सुटल्यानंतरचा पहिला आठवडा आणि पहिले तीन महिने हाच सर्वांत नाजूक काळ. शक्य असेल तर तीन दिवसांत एक फोन करा. सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो या मनोविकारतज्ज्ञाने डिस्चार्जनंतर उपचार नाकारलेल्या ८४३ जणांपैकी निम्म्यांना पाच वर्षं अधूनमधून फक्त छोटी पत्रं पाठवली. उपदेश नाही, मागणी नाही, नुसती आठवण. पहिल्या दोन वर्षांत त्या गटात आत्महत्या कमी झाल्या.

यातलं किती तुम्हाला जमेल, ते तुमच्या वॉर्डावर अवलंबून आहे. चाळीस पेशंटमागे दोन नर्स असतील तर सतत सोबत शक्य नाही. तसं लेखी कळवा, गप्प राहून जबाबदारी अंगावर घेऊ नका. पेशंट किशोरवयीन असेल, भास होत असतील, किंवा मेडिसिनच्या वॉर्डात मोठ्या आजाराने खचलेली असेल, तर प्रश्न तेच राहतात, पण कोणाला कधी बोलवायचं ते बदलतं.

तुमच्या झोपेबद्दल. एकाच पेशंटचा विचार घरी नेणं पहिल्या वर्षी होतं. पण ते आठवडे चाललं, किंवा तुमच्याच मनात असे विचार डोकावले, तर वर सांगितलेलं सगळं तुम्हालाही लागू आहे. इन्चार्जना सांगा, डॉक्टरांना भेटा. नर्स आहे म्हणून यातून सूट मिळत नाही.

आणि तो फॉर्म. खोडू नका, पांढरी शाई लावू नका. उद्या ड्युटीवर गेलात की आधी तिच्याशी बोला. मग जुन्या नोंदीखाली तारीख आणि वेळ टाकून नवी नोंद करा. ‘मूड चांगला’ असं न लिहिता तिची वाक्यं जशीच्या तशी अवतरणात लिहा. काय विचारलं, काय म्हणाली, काय म्हणाली नाही, कोणाला कळवलं. आणि इन्चार्ज सिस्टरना चहाच्या वेळी गाठा. लक्ष वाढवण्याआधी त्यांनी तिच्यात नेमकं काय पाहिलं होतं, ते विचारून घ्या.